झेड + बी बीबार: बीला वस्तुमान दिलं की २२ पिकोबार्न, काढून घेतलं की अडीच. चुकतंय कुठे?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नांदेडला एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय मीच हट्टाने मागून घेतलाय: एलएचसीमध्ये (जिनिव्हाजवळचा कण-प्रवेगक) प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतून झेड बोसॉन आणि त्याच्या जोडीला बॉटम क्वार्क (बी) आणि अँटी-बॉटम (बीबार) तयार होतात, त्याचं सिम्युलेशन.

हट्टाचं कारण सांगते. हिग्ज १०० पैकी ५८ वेळा बॉटम आणि अँटी-बॉटम यांच्यातच फुटतो. तरी २०१२ साली तो सापडला तो दोन फोटॉन आणि चार लेप्टॉन यांच्या वाटेने. बॉटमच्या वाटेने दिसायला २०१८ उजाडलं. तेव्हा झेड किंवा डब्ल्यूच्या जोडीने आलेले हिग्ज शोधले होते, आणि त्यात सगळ्यात त्रास देणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे हिग्ज नसतानाही झेडबरोबर आलेले दोन बी. मला वाटलं, शोधाआड जे येतं तेच आधी नीट समजून घ्यावं.

आता अडचण. विभागात या विषयातलं कोणी नाही. सर मन लावून ऐकतात, पण त्यांचं आयुष्य क्रिस्टलोग्राफीत गेलंय. माझ्याकडे ८ जीबीचा लॅपटॉप, त्यावर मॅडग्राफ (मूळ टकरीचं गणित करून तिच्या नोंदी, म्हणजे इव्हेंट, बनवणारा प्रोग्राम) आणि पायथिया ८ (त्यातल्या कणांचं पुढे काय होतं ते दाखवणारा). टकरीची ऊर्जा १३ टीईव्ही (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही, वस्तुमानही यातच मोजतात). प्रक्रिया दिली 'पी पी > म्यू+ म्यू- बी बी~'. म्युऑनच्या जोडीचं वस्तुमान ७६ ते १०६ जीईव्हीच्या मध्ये ठेवलं, म्युऑनवरचे बाकीचे कट (कोणते कण मोजायचे त्याच्या मर्यादा) काढून टाकले.

पहिला रन साध्या 'एसएम' मॉडेलने, म्हणजे बीचं वस्तुमान ४.७ जीईव्ही. क्रॉस सेक्शन (प्रक्रिया घडण्याचं प्रमाण, ते पिकोबार्नमध्ये मोजतात) आला २२ पिकोबार्नच्या आसपास. दुसरा रन 'एसएम-नो-बी-मास' मॉडेलने, मॅक्सजेटफ्लेवर (किती जातींचे क्वार्क जेट, म्हणजे कणांचा झोत, धरायचे) ५ करून. आला अडीचच्या आसपास. बाकी रन कार्डाला (रनच्या सेटिंगची फाइल) मी हात लावलेला नाही. जवळजवळ नऊपट फरक!

मग मला शंका आली की कट नडतोय, म्हणून दुसऱ्या रनमध्ये पीटीजे (जेटचा कमीत कमी आडवा संवेग, जीईव्हीमध्ये) २० वरून १० केला, मग ५, मग १, आणि जेटमधल्या अंतराचा कटही कमी करत नेला. आकडा दर वेळी वाढतच गेला आणि कुठेही थांबायला तयार नाही. शेवटच्या रनला तर चुकीची मर्यादाच आकड्याएवढी झाली.

माझे तीन प्रश्न. ४.७ जीईव्ही हे ९१ जीईव्हीच्या झेडपुढे किरकोळ, मग त्याने इतकं का बिघडावं? दोनपैकी खरा आकडा कोणता? आणि माझ्याकडे झेड + जेटचा वेगळा नमुनाही तयार आहे, त्यात हा झेड + बी बीबारचा नमुना सरळ मिळवला तर चालेल का? आठवडाभर यातच अडकून पडलेय. कुणी समजावून सांगाल का?

आंबेनळी

तुला 'तू' म्हणतो, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस. मी मूळचा महाडचा, सध्या हॅम्बुर्गला पोस्टडॉक. याच प्रक्रियेवर पीएचडीची साडेचार वर्षं घालवलीत, त्यामुळे उत्तर लांबेल. चहा घेऊन बस.

आधी तुझा नऊपट फरक. तो बहुतेक भौतिकशास्त्राचा नाहीच, रन कार्डाचा आहे. मॅक्सजेटफ्लेवर ४ असतो तेव्हा मॅडग्राफ बीला जेट मानत नाही. त्यामुळे पीटीजे = २० आणि डीआरजेजे (दोन जेटमधलं अंतर) = ०.४ हे कट तुझ्या पहिल्या रनमध्ये बीला लागलेच नाहीत. बीसाठी वेगळे पीटीबी आणि डीआरबीबी असतात, ते मुळात शून्य असतात. मॅक्सजेटफ्लेवर ५ केलास आणि बी जेटच्या रांगेत जाऊन बसला, सगळे कट त्याला लागू झाले. म्हणजे एकीकडे तू गावातली सगळी माणसं मोजलीस आणि दुसरीकडे फक्त सहा फुटांवरची. पहिल्या रनमध्ये पीटीबी २०, इटाबी ५ (इटा म्हणजे बीमपासूनच्या कोनाचं माप, बीमच्या जितकं जवळ तितकं मोठं), डीआरबीबी ०.४ टाक आणि पुन्हा बघ.

आता तो थांबत नसलेला आकडा. इथे मात्र खरी गोष्ट आहे, आणि ती समजली की पुढचं सगळं उलगडतं.

बीची जोडी जवळजवळ नेहमी ग्लुऑन फुटूनच होते. फुटणाऱ्या ग्लुऑनचा प्रोपगेटर (त्याच्या मधल्या प्रवासाचा गुणक) लिही: छेदात त्याच्या चार-संवेगाचा वर्ग. बीला वस्तुमान नसेल तर हा छेद २ × ऊर्जा × ऊर्जा × (१ − कोसाइन थीटा). दोन्ही बी एकाच दिशेने निघाले की थीटा शून्य, छेद शून्य. हेच प्रोटॉनमधून आलेल्या ग्लुऑनचं: त्यातून निघालेला बी बीमच्या दिशेनेच सरळ गेला तर तिथेही छेद शून्य. तू कट खाली नेत होतीस म्हणजे त्या शून्याच्या जवळ जात होतीस, म्हणून आकडा लॉगने वाढत राहिला. तो कधीच थांबणार नाही, कितीही इव्हेंट घातलेस तरी.

वस्तुमान दिलंस की या छेदाला तळ मिळतो. अंतिम अवस्थेत फुटणाऱ्या ग्लुऑनचं वस्तुमान कमीत कमी दोन बींएवढं, ९.४ जीईव्ही, असायलाच हवं. शून्याकडे जायचा रस्ताच बंद. म्हणून पहिला रन बीवर एकही कट नसताना ठीक आकडा देतो. ४.७ किरकोळ वाटतं, पण त्याचं काम मोठं आहे, विहिरीच्या कठड्यासारखं.

फक्त, कठडा असला तरी विहीर खोल आहेच. शून्य टळलं, लॉग राहिला: झेडच्या वस्तुमानाचा वर्ग भागिले बीच्या वस्तुमानाचा वर्ग, त्याचा लॉग. ९१.२ भागिले ४.७ म्हणजे १९.४, त्याच्या लॉगची दुप्पट ५.९. याला ०.११८ या अल्फा-एसने (ग्लुऑनच्या जोडणीची ताकद) गुण, ०.७ येतं. प्रत्येक पुढच्या पायरीला असा एक गुणक लागतो (पाय वगैरेचे भागाकार सोडले तर), आणि ज्या श्रेणीत पुढचं पद मागच्याच्या मानाने असं टिकून राहतं तिच्यातली पहिली दोन पदं घेऊन थांबणं किती बरोबर, हा प्रश्न उभा राहतो.

यावर दोन वाटा आहेत, आणि तू नकळत दोन्हींवर एकेक पाय ठेवलायस.

चार फ्लेवरची वाट (फ्लेवर म्हणजे क्वार्कची जात): बी जड आहे, प्रोटॉनमध्ये तो नाहीच. ग्लुऑन फुटेल तेव्हाच तो जन्मतो. दोन्ही बी आणि त्यांचं वस्तुमान मॅट्रिक्स एलिमेंटमध्ये (मूळ टकरीच्या गणितात) पहिल्यापासून हजर. लॉग मात्र जितकी पदं घेशील तितकेच.

पाच फ्लेवरची वाट: बी हलका मानायचा, शून्य वस्तुमानाचा, आणि प्रोटॉनच्याच पीडीएफमध्ये (प्रोटॉनच्या आत कोण किती आहे त्याचा तक्ता) त्याला जागा द्यायची. ते लॉग मग डीजीएलएपी समीकरणं (ऊर्जेबरोबर पीडीएफ कशी बदलते ते सांगणारी) सगळ्या पदांपर्यंत बेरीज करून पीडीएफमध्येच मुरवून देतात. मूळ प्रक्रिया साधी होते: बी + ग्लुऑन → झेड + बी. पण दुसरा बी दिसेनासा होतो.

तो जातो कुठे ते डोळ्यांनी बघ, मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी असंच शिकलो. तुझ्या पहिल्या रनची एलएचई फाइल (मॅडग्राफने लिहिलेली इव्हेंटची यादी) उघड. एका इव्हेंटमध्ये प्रत्येक कणाची एक ओळ, ओळीत तेरा आकडे. पहिला कणाचा क्रमांक, दुसरा स्टेटस, मग दोन आई-बापांचे, दोन रंगांचे, मग चार-संवेग, वस्तुमान वगैरे. बहुतेक इव्हेंटमध्ये पहिल्या दोन ओळी २१ आणि २१, स्टेटस −१: आत येणारे दोन ग्लुऑन. पुढे २३, स्टेटस २: झेड, जन्मला आणि फुटलाही. मग १३ आणि −१३, म्युऑन. मग ५ आणि −५, स्टेटस १, वस्तुमानाच्या रकान्यात ४.७. दोन्ही बी समोर उभे.

आता पाच फ्लेवरमध्ये 'पी पी > म्यू+ म्यू- जे' चालव आणि ज्यात आत येणारी एक ओळ ५, स्टेटस −१ अशी आहे तो इव्हेंट शोध. बाहेर जाणारा बी एकच सापडेल. प्रोटॉनमध्ये निव्वळ बॉटम शून्य असतो, म्हणजे −५ कुठेतरी असलाच पाहिजे. तो पायथिया आणते. तिचा शॉवर (कणांतून पुढचे कण फुटत जाण्याची साखळी) मागच्या दिशेने चालतो, आत येणारा बी कुठून आला असं विचारतो, आणि एका टप्प्यावर म्हणतो: ग्लुऑनमधून. तिथे अँटी-बी बाहेर पडतो. पायथियाची इव्हेंट यादी छापून घे आणि ४३ स्टेटसच्या ओळींत −५ शोध (पुढे त्याचं काही झालं असेल तर −४३ दिसेल). सापडला की त्याचा पीटी आणि इटा लिहून ठेव.

तिसरा प्रश्न, मिळवायचं का. नाही. अजिबात नाही. तुझ्या झेड + जेटच्या नमुन्यात ग्लुऑन फुटून होणारे बी शॉवरने आधीच घातलेत, आणि तो पाच फ्लेवरचा असेल तर पीडीएफमधलेही आहेत. त्यावर चार फ्लेवरचा नमुना ओतलास तर तोच बी दोनदा मोजशील. मी हे केलंय. माझ्या दुसऱ्या वर्षी बेरजेत झेड + बीचा ढीग डेटाच्या वर गेला, आणि मी तीन आठवडे टॅगिंगमध्ये (बी-जेट ओळखण्याच्या कामात) चूक शोधत बसलो, कारण नमुने मिळवण्याची ती एक ओळ मला इतकी सरळ वाटली होती की तिच्याकडे पुन्हा बघितलंच नाही. तेव्हा तू हे आत्ताच विचारलंस, याचं मला फार बरं वाटलं.

एक राहिलं. चार फ्लेवरच्या रनला पीडीएफही चार फ्लेवरचीच हवी. मॅडग्राफची मूळची एनएन२३एलओ१ पाच फ्लेवरची आहे. तिच्यात ग्लुऑनने आपला थोडा वाटा बीला आधीच देऊन टाकलेला असतो, आणि अल्फा-एसही पाच फ्लेवरने धावतो. एलएचएपीडीएफमधून (पीडीएफच्या संग्रहातून) एनएनपीडीएफ ३.१ चा 'एनएफ ४' संच उतरवून घे. आकड्यात फरक थोडाच पडेल, पण हिशोब एका भाषेत होईल.

निव्वळ५

इतकं कशाला? डेटाशी तुलना झालीय की. ७ आणि ८ टीईव्हीपासून एलएचसीवरच्या सीएमएस, अॅटलास या दोन्ही प्रयोगांनी झेड + बी मोजलंय. निदान एक बी असलेल्या इव्हेंटमध्ये चार फ्लेवरचं भाकीत कमी पडतं, पाच फ्लेवरचं एनएलओ (पहिल्या पदापुढची एक पायरी धरलेलं गणित) डेटाला धरून जातं. विषय संपला. नवीन मुलांनी सरळ पाच फ्लेवर वापरावं, चार फ्लेवरमध्ये वेळ घालवू नये.

आंबेनळी

मोजमापाबद्दल तुम्ही बरोबर आहात, निष्कर्षाशी मी सहमत नाही. 'निदान एक बी' यात पाच फ्लेवर सरस ठरतं, कारण तिथे दुसरा बी बीमच्या बाजूला निसटलेला असतो आणि नेमके तेच लॉग पीडीएफने सांभाळलेले असतात. पण हिला दोन्ही बी हवेत, हिग्जच्या पार्श्वभूमीसाठी. दोन्ही बी दिसतात तिथे चार फ्लेवरची कमतरता बरीच भरून निघते, आणि बी एकमेकांच्या अगदी जवळ असतील तिथे वस्तुमान लागतंच. शून्य वस्तुमानाचं गणित त्या कोपऱ्यात जाऊच शकत नाही, तिथला सगळा भार शॉवरवर पडतो.

आणि तो लॉग वाटतो तितका मोठाही नाही. माल्तोनी, रिडोल्फी आणि उबियाली यांनी २०१२ मध्ये दाखवलं की लॉगमध्ये खरं तर झेडचं पूर्ण वस्तुमान येत नाही, फेज स्पेसमुळे (कणांना मिळू शकणाऱ्या संवेगांच्या मर्यादेमुळे) त्याहून बरंच लहान मोजमाप येतं. म्हणजे मी वर काढलेला ५.९ हा वरचा टोकाचा आकडा. म्हणूनच चार फ्लेवर चालवताना स्केल (अल्फा-एस आणि पीडीएफ ज्या ऊर्जेला घ्यायच्या ती) झेडच्या वस्तुमानापेक्षा खाली ठेवली की दोन वाटा बऱ्याच जवळ येतात. हे मी आधीच सांगायला हवं होतं. एक वाट फेकून दिली तर ही जवळीक तपासणार कशी? दोन्हीकडून चालत गेलं आणि एकाच जागी पोचलो, यातच तर भरवसा आहे.

दोन्ही वाटा रीतसर जोडायचेही प्रयत्न झालेत, म्हणजे वस्तुमानही ठेवायचं आणि लॉगही, दुहेरी मोजणी वजा करून. शेर्पा या दुसऱ्या सिम्युलेशन प्रोग्राममध्ये २०१९ पासून तशी पद्धत आहे. पण ८ जीबीच्या लॅपटॉपवर नको, निदान या सत्रात नको.

धरणावरची

मी पुण्याजवळ वाढले, सीएमएसवर काही वर्षं काम केलंय, ट्रॅकर आणि बी-टॅगिंगमध्ये. वरचं सगळं बघून एकच भीती वाटली, ती आधी सांगते. गोदाकाठ, तू मॅट्रिक्स एलिमेंटमधला बी क्वार्क घेऊन तो कुठल्याही मोजमापाशी ताडू नकोस. डिटेक्टरला बी क्वार्क कधीच भेटत नाही.

त्याला भेटतो बी हॅड्रॉन, म्हणजे इतर क्वार्कशी बांधला गेलेला बी. त्याचं आयुष्य साधारण १.५ पिकोसेकंद, प्रकाशाच्या वेगाने ०.४५ मिलिमीटर. पण तो वेगात असतो. समज ३५ जीईव्ही संवेगाचा बी मेसॉन आहे, वस्तुमान ५.२८, भागाकार ६.६, म्हणजे फुटण्याआधी तो सरासरी ३ मिलिमीटर चालतो. टक्कर झाली त्या बिंदूपासून तीन मिलिमीटरवर ट्रॅकचा दुसरा गुच्छ उमलतो. पहिल्यांदा स्क्रीनवर मी तो बिंदू मोठा करून पाहिला तेव्हा बराच वेळ उठलेच नाही. मुख्य व्हर्टेक्सपासून (टकरीच्या बिंदूपासून) सगळे ट्रॅक निघालेत, आणि चार-पाच ट्रॅक मात्र मागे खेचले तर तिथे मिळतच नाहीत, थोडे पुढेच एकमेकांना भेटतात. बॉटमची ओळख म्हणजे ते तीन मिलिमीटर.

तर तुझ्या सिम्युलेशनमध्येही तेच कर. पायथियाने हॅड्रॉन बनवू देत, मग फास्टजेट या प्रोग्रामने अँटी-केटी पद्धतीने जेट बांध, त्रिज्या ०.४, आणि ज्या जेटच्या आत बी हॅड्रॉन आहे त्याला बी-जेट म्हण. रिव्हेट या प्रोग्राममध्ये झेड + बीची प्रकाशित विश्लेषणं तयार मिळतात, तीच चालव. कट, जेट, म्युऑनभोवतीचे फोटॉन, सगळं मोजमापासारखंच लागेल, तुझ्या हाताने चुकायला जागा राहणार नाही.

असं केलंस की एक गोष्ट लक्षात येईल. दोन्ही बी ०.४ पेक्षा जवळ असले तर ते एकाच जेटमध्ये जातात, आणि तुझा दोन बींचा इव्हेंट एका बी-जेटचा होतो. ग्लुऑन जितका जोरात तितके त्याचे बी जवळ. अंतर साधारण जोडीचं वस्तुमान दुप्पट करून पीटीने भागलं इतकं. १० जीईव्हीची जोडी, १०० जीईव्ही पीटी, अंतर ०.२. गेले दोघे एका जेटमध्ये.

आणि किती निसटतात त्याचा अंदाज हवा तर सीएमएसचं ८ टीईव्हीचं मोजमाप बघ. झेड लेप्टॉनमध्ये फुटलेला, बी-जेट ३० जीईव्हीच्या वर: निदान एक बी-जेट असेल तर ३.५५ पिकोबार्न, निदान दोन असतील तर ०.३३१. दहा-अकरा इव्हेंटमागे एकाच ठिकाणी दुसरा बी नजरेत येतो. बी तर नेहमी जोडीनेच जन्मतात! बाकीचे हळू निघाले, बीमच्या नळीकडे गेले, नाहीतर भावंडाच्याच जेटमध्ये शिरले.

टॉपचीही आठवण ठेव. टॉपच्या जोडीतूनही दोन म्युऑन आणि दोन बी येतात. म्युऑनचं वस्तुमान झेडभोवती बांधलंयस म्हणून बरंच गळेल, पण न्यूट्रिनोंमुळे हरवलेल्या आडव्या संवेगावरही कट लाव. डेटाशी तुलना करताना हा नमुना नसला तर फसशील.

गोदाकाठ

दादा, ताई, दोघांना मनापासून नमस्कार. दोन दिवस लिहिलं नाही कारण रन चालू होते. आमच्याकडे दुपारी वीज जाते, म्हणून रात्री दहाला लावून ठेवते.

पहिल्या रनमध्ये पीटीबी २०, इटाबी ५, डीआरबीबी ०.४ टाकले, 'एनएफ ४'ची पीडीएफ घेतली. २२ चा आकडा धाडकन खाली आला, आणि आता दोन्ही रन एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत आहेत. आठवडाभर मी रन कार्डातल्या न टाकलेल्या तीन ओळींना भौतिकशास्त्र समजत होते.

स्केल दुप्पट आणि निम्मी करूनही पाहिली. आकडा ३० टक्क्यांच्या आसपास वर-खाली होतो. म्हणजे हे दोन रन एकमेकांशी १० टक्क्यांत जुळले म्हणून मी खूश व्हायला नको, बरोबर ना? दोघांचीही स्वतःची चूक त्याहून मोठी आहे. एनएलओवर जाऊ का? एकदा करून पाहिलं, पण इव्हेंटमध्ये ऋण वेट (मोजताना इव्हेंटला द्यायचं वजन) दिसले. टकरीची संख्या ऋण कशी असेल?

झेड + जेटच्या नमुन्यात बेरीज केली नाही. तो तसाच बाजूला ठेवलाय.

आंबेनळी

बरोबर ओळखलंस. एलओवर (फक्त पहिलं पद घेतलं की) ही प्रक्रिया अल्फा-एसच्या वर्गाला धरून आहे, स्केल हलली की तो वर्ग हलतो. ३० टक्के ही एलओची खरी अनिश्चितता समज, आणि अहवालात आलेखावर पट्टा म्हणून काढ. आणि एनएलओचा आकडा एलओपेक्षा बराच मोठा येईल, घाबरू नकोस. बीवर कट न लावता चार फ्लेवरमध्ये तो जवळजवळ पावणेदोनपट होतो. कारण एनएलओला क्वार्क + ग्लुऑन अशी नवी दारं उघडतात, आणि जास्तीच्या जेटवर झेड उडायला लागतो.

ऋण वेटचं असं: प्रत्येक इव्हेंट ही टक्कर नसते. एनएलओला शॉवर जोडायच्या 'एमसी अॅट एनएलओ' पद्धतीत शॉवर जे पहिलं उत्सर्जन स्वतःच करणार आहे ते मॅट्रिक्स एलिमेंटमधून आधी वजा करावं लागतं, म्हणजे दुहेरी मोजणी होत नाही. ही वजाबाकी काही ठिकाणी शून्याखाली जाते, तिथले इव्हेंट ऋण चिन्ह घेऊन येतात. हिस्टोग्राममध्ये वेटसकट भरलेस की बेरीज बरोबर येते. ते फेकून दिलेस तर तुझं क्रॉस सेक्शन चुकीचं आणि आकारही चुकीचा.

किंमत मात्र मोजावी लागते. समज १०० पैकी ३० ऋण आहेत. ७० वजा ३०, हाती ४०. तितक्याच अचूकतेला सगळे धन असते तर जितके इव्हेंट लागले असते त्याच्या एक भागिले ०.४ चा वर्ग, म्हणजे सव्वासहापट लागतील. ऋण ४० झाले तर पंचवीसपट. चार फ्लेवरमध्ये बीची जोडी असलेल्या प्रक्रियांत हे प्रमाण चढंच असतं. मॅडग्राफमध्ये फोल्डिंगचा पर्याय आहे, त्याने ते उतरतं, वेळ जास्त जातो.

तुझ्या लॅपटॉपला मी असं सुचवेन: चार फ्लेवर एनएलओचा एकच रन, वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक आकडे सुरू करायचा आकडा) रोज रात्री थोडा थोडा. सकाळी फाइल तपासायची, वेटची बेरीज वहीत लिहायची, शेवटी सगळं जोडायचं. बाजूला पाच फ्लेवरचा एलओ रन, झेडबरोबर ०, १, २ जेट, एमएलएम पद्धतीने (दुहेरी मोजणी टाळून) जोडून. दोन्ही रिव्हेटमधून काढ आणि दोन बींमधलं अंतर आणि जोडीचं वस्तुमान, हे दोनच आलेख बारकाईने बघ. ताईंनी सांगितलेली जवळची जोडी पहिल्यात डावीकडे दिसेल. दुसऱ्यात १२५ जीईव्हीवर पेन्सिलने रेघ मार: तिथे हिग्ज बसतो, आणि तुझी ही पार्श्वभूमी त्याच्याखालून सपाटशी उतरत गेलेली असते. तो उतार किती खात्रीने माहीत आहे, याच्यावर टेकडी ओळखता येते की नाही ते ठरतं.

तो −५ शोधलास का?

गोदाकाठ

शोधला! काल रात्री. वीस इव्हेंट छापले आणि पट्टी धरून ओळीओळीने वाचले. ज्यात आत येणारी ओळ ५ होती असे दोन निघाले. त्यातल्या पहिल्यात −५ चक्क ४३ च्या घरात, −४३ असा: पीटी ६ जीईव्ही, इटा ३.८. म्हणजे ऊर्जा १३४ जीईव्ही, आणि तरीही २.५ पर्यंत बघणाऱ्या ट्रॅकरला तो कधीच दिसणार नाही. झेडचे दोन्ही म्युऑन मध्यभागी, पहिला बी त्यांच्या समोर ४१ जीईव्हीचा, आणि त्याचा जोडीदार एकटाच बीमच्या बाजूने निघून गेलेला. त्याच्या ओळीवरून मागे गेले तर आईच्या रकान्यात २१ आहे.

दुसऱ्या इव्हेंटमधल्याचा इटा १.९ आला, पण पीटी ३. तोही जेटच्या कटाखाली गेला.

सरांना ते कागद दाखवले. त्यांनी चष्मा काढून ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "हा ग्लुऑन कुठून आला?" मी प्रोटॉनची ओळ दाखवली. ते म्हणाले, उद्या हे फळ्यावर काढ, पहिल्या वर्षाच्या मुलांनाही बोलावतो.

एनएलओचा पहिला सीड आज रात्री लावते. वेटची बेरीज उद्या सकाळी इथेच लिहीन.